गायउतारावरची म्होरकी

पैनगंगेत मी पहिल्यांदा उतरलो तो गमबूट घालून.

नवीनच बदली झाली होती. दवाखान्याच्या कपाटात आधीच्या माणसाने सोडलेले काळे, गुडघ्यापर्यंतचे गमबूट सापडले आणि मला वाटलं, नदीकाठचं गाव, पाण्यातून जाणं-येणं, सरकारने आपला किती विचार केलाय! पलीकडच्या काठावर एक गाय अडली होती, म्हणजे वासरू पोटात आडवं आलं होतं. मी बॅग डोक्यावर घेतली, बूट चढवले आणि साहेबासारखा पाण्यात शिरलो. पाणी गुडघ्याखाली होतं तोवर माझी ऐट टिकली. मग ते वरून बुटांत शिरलं. ज्यांनी हा प्रयोग केला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, पाण्याने भरलेला गमबूट उचलला जात नाही. एक पाय उपसायला जावं तर दुसरा वाळूत आणखी रुततो. मी नदीच्या मध्यावर खांबासारखा उभा. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना, आणि दोन्ही हात बॅगेला असल्यामुळे कुणाला खूणही करता येईना.

काठावर एक म्हातारा गवळी काठीवर हनुवटी टेकवून उभा होता. त्याने बराच वेळ माझ्याकडे शांतपणे पाहिलं. मग ओरडला, "साहेब, पूजा चालू हाय का?"

"पाय निघत नाहीत हो!"

"मंग बूट सोडा ना तिथंच. नदी घालन ते!"

मी बूट सोडले आणि अनवाणी पलीकडे पोचलो. गाय सुटली, वासरू जगलं. एक बूट दुसऱ्या दिवशी खालच्या लव्हाळ्यात अडकलेला सापडला. दुसरा नदीने ठेवून घेतला.

तो म्हातारा म्हणजे आत्माराम गवळी. सगळा गाव त्याला आत्माबाबा म्हणायचा. हे लिहितोय ते त्याच्याबद्दल आणि त्याच्या एका गायीबद्दल.

त्याआधी माझं थोडं. लोक मला डाक्टर म्हणतात, आणि मी आता दुरुस्त करणं सोडून दिलंय. मी पशुधन पर्यवेक्षक. खरे डॉक्टर तालुक्याला, उमरखेडला असतात. आमच्याकडे त्यांचा वार ठरलेला, बाकीचे दिवस जनावरं माझ्या नशिबात आणि मी त्यांच्या. कळंबला आमच्या घरात आजोबांपासून सगळे कचेरीतले. माझ्या वडिलांची मात्र इच्छा होती की मी डॉक्टर व्हावं. मार्क बघून त्यांनी आधी माणसांची अट सोडली, मग डॉक्टरची. काम काय? लसी टोचायच्या, कानात पिवळे बिल्ले मारायचे, कृत्रिम रेतन करायचं, अडलेल्या गायीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायचा आणि तोच हात घासूनपुसून लग्नाच्या पंगतीला बसायचं. हल्ली लोक गाय दाखवायला आणत नाहीत, व्हॉट्सॲपवर शेणाचा फोटो पाठवतात. पुसदला मेव्हण्याच्या लग्नात सासूबाईंना आमच्या लेकीचे फोटो बघायला मी फोन दिला. त्यांनी दोन फोटो पाहिले, तिसऱ्यासाठी बोट सरकवलं आणि चष्मा काढून मला विचारलं, "जावईबापू, हे काय होय?" मी खरं ते सांगितलं, "हगवण." त्या दिवसापासून आमच्या हिने फोनमध्ये माणसांचे फोटो वेगळे आणि जनावरांचे वेगळे करून ठेवलेत. घरात मी गोष्टी सांगतो त्या अशा. पोरं त्याच पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. आत्माबाबाची मागत नाहीत, मीही सांगत नाही.

आमच्या गावाखाली नदीला उतार आहे. उतार म्हणजे जिथून माणसं-जनावरं चालत पार होऊ शकतात ती जागा. बाकी ठिकाणी काठ उंच, दरड सरळ तुटलेली. इथे मात्र दरडीला खाच पडलीय, एखाद्या उतरत्या गल्लीसारखी, आणि ती थेट पाण्याला भिडते. ती खाच कुणी खणली नाही. गायींच्या खुरांनी पडली असं बाबा सांगायचा. म्हणून नाव गायउतार. आमच्या काठाला जंगल, पलीकडे मराठवाड्यातली काळी रानं. उताराच्या खाली थोड्या अंतरावर नदीत खडकांची रांग आहे. उन्हाळ्यात तिथे बाया धुणं धुतात. पुरात तिथे पाणी आपटून पांढरं होतं, आणि त्यात गेलेलं काहीच सबंध बाहेर येत नाही.

गवळ्यांचे कळप पावसाळाभर इकडच्या जंगलाच्या कडेने चरायचे. दसरा झाला, पलीकडची पिकं निघाली, रानं मोकळी झाली की नदी ओलांडायचे. तिकडच्या शेतकऱ्यांना कळप हवा असायचा. आज याच्या वावरात, उद्या त्याच्या, असा कळप रात्री बसवायचा. शेणामुताने जमीन पोसायची, गवळ्याला धान्य मिळायचं, गायींना कडबा. पाऊस तोंडावर आला की परत इकडे. गोऱ्हे मोठे झाले की त्यांचे बैल व्हायचे, आणि कपाशीच्या रानात जोडीला गायउताराचा बैल म्हटलं की बाजारात माणूस दात बघायचा थांबायचा, असं जुने लोक सांगतात. मी आलो तेव्हा यातलं बरंचसं संपत आलं होतं. जंगलात चराई बंद झाली होती, रानात सोयाबीन आणि ट्रॅक्टर, आणि खताची गोणी दुकानात. गवळ्यांची पोरं पुण्याच्या बाजूला कंपन्यांत गेली. "गाई चारनाऱ्याले पोरगी कोन देते?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मला ती जनावरांतल्या वंध्यत्वासारखीच एक केस वाटू लागली होती. उतारावरून जाणारा एकच कळप उरला होता, आत्माबाबाचा. सोबत मुलगा गजानन. त्याला मात्र पोरगी मिळाली होती, रेखा. बाबा म्हणायचा, "तिच्या बापाले वाटलं, एवढ्या गाई हायेत म्हंजे मोठा मानूस हाय."

नदी ओलांडायची यांची रीत ऐका, कारण सगळं तिच्यावर आहे.

आधी वासरं. लहान वासरांना पाण्याची ओढ झेपत नाही, म्हणून त्यांना नामदेव भोयाच्या डोंग्यात, म्हणजे छोट्या होडीत, घालून पलीकडे न्यायचं आणि तिथल्या करंजाखाली ओळीने बांधायचं. वासरं आया दिसेनात म्हणून हंबरायला लागतात. तो आवाज पाण्यावरून इकडे आला की गायी थांबत नाहीत. त्यांना हाकावं लागत नाही, मारावं लागत नाही. आवाजाच्या दोरीने त्या ओढल्या जातात. पण पाण्यात पहिला पाय कुणी टाकायचा, तो म्होरकीने. म्होरकी म्हणजे कळपाच्या पुढे चालणारी गाय. तिला कुणी शिकवत नाही. ती आईच्या मागे चालत चालत उतार शिकते, आणि आई थकली की पुढे होते. बाबाच्या कळपाची म्होरकी हरणी. तिच्याआधी तिची आई, तिच्याआधी आजी. हरणी तांबूस, मोठ्या डोळ्यांची, अंगाने काही फार नाही. काठावर येऊन ती पाण्याला नाक लावायची, थोडी उभी राहायची आणि मग चालू लागायची. कुठे वाळू, कुठे खड्डा, कुठून तिरपं जायचं ते तिला ठाऊक. बाकीचा कळप तिच्या पाठोपाठ, एकीच्या पुठ्ठ्यावर दुसरीची मान. बाबा शेवटच्या गायीचं शेपूट धरून. मी तो उतार बघायला दरवर्षी जात असे. कामाचं निमित्त काढून जायचो. बघण्यासारखी गोष्ट होती.

त्या वर्षीही निमित्त होतं. जनावरांत लम्पीची साथ येऊन गेल्यापासून पलीकडचे लोक कानात बिल्ला बघितल्याशिवाय कळपाला शिवेत येऊ देत नव्हते. लसी आधीच झाल्या होत्या, चार-दोन बिल्ले राहिले होते. सकाळी मी गेलो. आभाळ धुतलेल्या ताटासारखं. नदी मांडीएवढी, हिरवट, तळ दिसत होता. रेखा वासरांबरोबर पलीकडे होती, नामदेव फेऱ्या मारत होता. मी उरलेले बिल्ले मारले आणि एका गायीने त्याबद्दल माझ्या पावलावर खूर ठेवून पोच दिली. शेवटच्या फेरीत हरणीची कालवड होती, अगदी लहान. हरणी डोंग्यामागे पाण्यात दोन पावलं गेली आणि फिरली. नामदेव पलीकडे पोचला. करंजाखालून हंबरणं सुरू झालं.

बाबा पाण्यापाशी वाकला होता. त्याने ओंजळ भरली, नाकापाशी नेली.

"गज्या, पानी भरून राह्यलं."

"कायचं पानी बाबा? ढग तरी हाय का?"

"वास घेऊन पाह्य. नव्या मातीचा वास हाय. वर कुठंतरी लई पडला."

गजानन वास घेण्याआधीच दिसलं. वळणावरून फेसाची एक कड आली, तिच्यात काड्या, पळसाची पानं, एक तुटकी टोपली. मागून पाणी चहाच्या रंगाचं. आवाज आधी बारीक होता, घरात कुणीतरी धान्य पाखडावं तसा. तो वाढत गेला.

"मांगं घ्या!" बाबा ओरडला. "गाई मांगं घ्या! कोनीच पान्यात नाई जायचं!"

त्या वेळी आम्ही इकडे होतो ते बाबा, गजानन, मी आणि गावातली दोन माणसं, सरपण न्यायला आलेली. समोर खाचेत दाटलेला कळप, आणि त्यांच्या कानांत वासरांचा आवाज. वासरांनाही पाण्याचा आवाज ऐकू येत होता, त्यामुळे ती जास्तच हंबरत होती. माणसाची रीत माणसावरच उलटली होती. आवाजाची दोरी आम्हीच बांधली होती आणि आता ती आम्हाला तोडता येईना.

"गज्या, रेखाले फोन लाव!"

गजाननने लावला. "हालो! वासरं टेकडाच्या मांगं ने! अवं मांगं! ... मांगं म्हनतो ना! ... काय? नाई, नाई, गाई नाई येऊन राह्यल्या! वासरायचा आवाज बंद झाला पायजे!" मग फोनकडे बघून, "काहीच ऐकू येऊन नाई राह्यलं तिले."

पण पोरीने पाणी बघितलं होतं आणि तिला समजलं होतं. पलीकडे तिचं गुलाबी लुगडं वासरांमध्ये इकडून तिकडे पळताना दिसत होतं. नामदेवने एक वासरू खांद्यावर टाकलं, ती दोन-दोन ओढत होती. पण वासरं करंजामागच्या टेकडाकडे जायला तयार नव्हती. त्यांचं तोंड नदीकडे. सोडलं की परत काठाला.

इकडे हरणी पुढे आली. गजानन तिच्यासमोर काठी आडवी धरून उभा राहिला. या गायीने कधी कुणाला शिंग दाखवलं नव्हतं. तिने मान खाली घातली आणि गजाननला एखादी फांदी सारावी तसं बाजूला सारलं. तो पडला. सरपणाला आलेल्या त्या दोघांनी तिच्या गळ्यातलं दावं धरलं, मी शेपटीकडून लोंबकळलो. तिने आम्हा तिघांना ओढत नेलं. तिचे पुढचे पाय पाण्यात होते आणि तिच्या मागे सगळा कळप एकमेकींना रेटत होता. ती गेली असती तर एकही मागे राहिली नसती, आणि खाली खडक होते.

माझ्या बॅगेत गुंगीचं औषध होतं. आदल्या दिवशी एका बैलाच्या शिंगाचं ऑपरेशन होतं, त्यातलं उरलेलं. गाय त्या औषधाला फार हळवी असते. थोडंसं दिलं तरी मान खाली घालते, तोंडाला लाळ येते, मग गुडघे टेकते आणि बसते. बसली की बसली. दोन-तीन तास आभाळ कोसळलं तरी उठत नाही. ते उतरवणारं औषध आमच्या दवाखान्यात तेव्हा नव्हतं.

मी बाबाला हे सांगितलं. ओरडूनच सांगावं लागलं.

"इथंच बसन?" त्याने विचारलं.

"हो."

"वर नेऊन द्या ना मंग."

"वर येते का ती?"

गजाननने आणि त्या दोघांनी जीव खाऊन तिला मागे ओढली. ती एक पाऊल आली आणि दोन पावलं पुढे गेली. बाबाने पाण्याकडे पाहिलं. खाचेच्या तळाशी आम्ही उभे होतो, आणि पाणी कुठवर येणार ते दरडीवरच्या जुन्या खुणांवर दिसत होतं. मी जे बोललो नव्हतो ते त्याला कळलं.

तो हरणीच्या तोंडापाशी गेला. तिच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या कातड्याच्या पोळीला त्याने हात लावला आणि ती उभी राहिली. इतका वेळ आम्हा तिघांना जे जमलं नाही ते त्या हाताने केलं. ती फुरफुरत होती, डोळे पलीकडे, पण उभी राहिली.

"टोचा," तो म्हणाला.

मी मानेत टोचलं. तिची कातडी थरथरली. बाबा तिच्याशी काहीतरी बोलत होता. मला ऐकू आलं नाही, आणि आलं असतं तरी इथे लिहिलं नसतं.

औषध चढायला काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ बाबाने तिला हातानेच धरून ठेवलं. मग तिचं डोकं जड झालं, लाळ सुटली, पुढचे गुडघे वाकले. ती बसली. मागची गाय तिच्यावर चढता चढता थांबली, तिला हुंगू लागली. तिच्यामागची थांबली. पाण्यात पाय टाकणारी खाली बसल्यावर त्या गायींना काय करावं सुचेना. तेवढ्यात पलीकडे रेखाने आणि नामदेवने शेवटची वासरं टेकडामागे ओढली आणि हंबरणं बारीक झालं. गजाननने आणि त्या दोघांनी काठ्या चालवल्या. कळप वळला. एकमेकींना धडकत, घसरत गायी खाचेतून वर गेल्या, काठावरच्या सपाटीवर. सगळ्या.

खाली हरणी.

तिला आम्ही ओढून पाहिली. दावी पोटाखालून घातली, बांबू लावले. गावात निरोप गेला, अजून माणसं आली. ट्रॅक्टर आला पण खाचेच्या तोंडाशी चिखलात घसरू लागला आणि ड्रायव्हरने हात जोडले. हाताने ओढून आम्ही तिला थोडी वर आणली. पाणी आमच्यापेक्षा जास्त वेगाने वर आलं. आधी तिच्या खुरांना, मग पोटाला. बाबा तिच्याजवळ पाण्यात बसला आणि तिचं तोंड त्याने मांडीवर उचलून धरलं, नाकपुड्या पाण्याबाहेर राहाव्यात म्हणून. ती श्वास घेत होती, शांत, झोपेतल्यासारखी. तिला दुखत नसणार. हे मी त्याला सांगितलंही.

"हरणे, ऊठ माय," एवढंच मधून मधून म्हणायचा.

पाणी त्याच्या छातीला लागलं तेव्हा गजानन आत शिरला. "बाबा, सोडा आता!"

"मले नको वढू तू."

"बाबा, पाया पडतो, सोडा!"

बाबाने मग एका हाताने तिच्या गळ्यातलं दावं सोडलं. मेल्या जनावराच्या गळ्यात दावं ठेवत नाहीत. ती तेव्हा मेली नव्हती. त्याने ते सोडलं, गजाननने त्याला काखेत धरून मागे खेचलं, आणि पाण्याने हरणीला उचललं. ती हलकी झाल्यासारखी फिरली आणि गेली. खडकांकडे मी पाहिलं नाही.

वर आल्यावर बाबा ओल्या कपड्यांनी मातीत बसला. मीही बसलो. माझं मला कळलं नव्हतं, पण त्याने बघितलं.

"डाक्टर, तुमी काहून रडून राह्यले?" तो म्हणाला. "गाय माह्यी होती."

पुढचं आधी सांगून टाकतो. त्या दिवशी एकही दुसरं जनावर गेलं नाही. गावाने माझा सत्कार केला. शाल, नारळ आणि मारुतीच्या पारावर एक भाषण, ज्यात मला तीन वेळा डॉक्टर म्हटलं गेलं आणि एकदा देवमाणूस. बाबा पुढच्या ओळीत बसला होता आणि टाळ्या वाजवत होता. त्या शालीखाली मला इतका घाम आला की माणसाला ताप आलाय की काय असं लोकांना वाटलं.

दुसऱ्या वर्षी दसऱ्यानंतर पाणी गुडघ्याएवढं असताना बाबाने आणि गजाननने कळप उतारावर आणला. वासरं पलीकडे नेली, ती हंबरली, गायींनीही हंबरून उत्तर दिलं, पण पाण्यात पाय कुणी टाकेना. एकमेकींकडे बघत सगळ्या काठावर उभ्या. हरणीची कालवड आता मोठी दिसत होती. ती पुढे आली, पाण्याला नाक लावलं आणि मागे फिरली. आईच्या मागे ती एकदाही चालली नव्हती. तिला माहीतच नव्हतं की इथून जायचं असतं. बाबाने कळपाला हात लावला नाही. "ऱ्हाऊ द्या," म्हणाला. एक वर्ष पुलावरून ट्रकने नेऊन पाहिलं. पूल लांब, ट्रकमध्ये एका गायीचा पाय मोडला, आणि पलीकडचे शेतकरीही आता फारसे बोलावत नव्हते. मग उमरखेडच्या बाजारात गायी जाऊ लागल्या, आज दोन, पुढच्या महिन्यात चार. गजानन आता मळणीयंत्रावर जातो. खाचेत बाभळी आल्यात. खूर पडत नाहीत तर दुसरं काय होणार?

मला एक गोष्ट फार दिवस छळत होती. म्होरकी कशासाठी असते? नदी कधी ओलांडायची नाही हेही तिलाच कळतं. हरणीच्या आईने एकदा, सगळी माणसं चला म्हणत असताना, पाण्याला नाक लावून कळप मागे फिरवला होता आणि थोड्या वेळाने पूर आला होता, हे बाबानेच मला कधीतरी सांगितलं होतं. मग हरणीही शेवटच्या क्षणी वळली असती का? मी टोचलं नसतं तर? एकदा पारावर बसलो असताना मी धीर करून विचारलं.

बाबा तंबाखू मळत होता.

"वळली असती," तो म्हणाला. "कोन्याही दिवशी वळली असती. पन त्या दिवशी तिची कालवड तिकडं होती ना."

त्याने तंबाखू तोंडात टाकली. "आमीच नेऊन बांधली होती," म्हणाला.

तो दुसऱ्याच कुणाच्या तरी म्हशीचं विचारू लागला आणि मी सुटल्यासारखा उत्तर देत राहिलो.

आता त्या दिवसाचं उरलेलं. मी घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. गुडघ्यापर्यंत चिखल, हाताला दाव्याने पडलेले वळ. ही दारातच उभी होती. गावात सगळं आधीच पसरलं होतं. तिने पाणी दिलं, मी हात धुतले, ताटावर बसलो आणि उठलो. मग मी सांगायला लागलो. औषध किती घेतलं, कुठे टोचलं, दुसरा उपाय कसा नव्हता, एक गेली पण सगळ्या वाचल्या, हिशेबाने बघितलं तर बरोबरच झालं. तेच मी तीनदा सांगितलं असेल. ती ऐकत होती.

मी थांबल्यावर तिने विचारलं, "गाई इकडं हायेत ना?"

"हो. सगळ्या काठावर उभ्या आहेत. कासा टरारल्यात, दूध गळतंय."

"आन् वासरं तिकडं. रेखापाशी."

"हो."

"सकाळपासून त्यायनं काही पेलं का?"

जनावरांच्या नावाने पगार घेणारा माणूस मी, आणि हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"नदी दोन दिवस उतरत नाई," ती म्हणाली आणि उठली. ओट्याखालून तिने दुधाचा कॅन काढला, तो खळखळून धुतला. "गाई पिळून घेऊ. पुलावरून नेऊन पाजू. गाडी काढा."

"वासराशिवाय गायी पान्हा सोडत नाहीत गं."

"जेवढं निघन तेवढं नेऊ," ती म्हणाली. "उठा."